हात मागे बांधून

आमच्याकडे बाई दवाखान्यात येते ती कंबर दुखते म्हणून, हातापायाला मुंग्या येतात म्हणून, नाहीतर नुसतीच ‘एक सलाईन लावा’ म्हणत. मी बीपी बघते, गोळ्या लिहून देते. ती कागदाची घडी पिशवीत ठेवते, एक पाय चपलेत घालते आणि मग म्हणते, “बाई, अजून एक इचारू का?” हे वाक्य कानावर आलं की मी पुढच्या पेशंटला हाक मारत नाही. गेल्या २२ वर्षांत मला जे काही महत्त्वाचं सांगितलं गेलंय, ते बहुतेक असं एक पाय चपलेत असताना.

ही बाई ५२ वर्षांची, भूम तालुक्यातल्या एका वाडीवरची. मी तिला आक्का म्हणते. तिनं ‘छाती’ हा शब्दसुद्धा काढला नाही, पदरावरून डावीकडे दोन बोटं टेकवली फक्त. “हितं गाठ हाय. पर दुखत न्हाई, म्हणून म्हटलं कशाला.”

“कधीपासून आहे, आक्का?”

“ज्वारी काढली तवापासून.”

ज्वारीची काढणी फेब्रुवारीतली. आम्ही बोलत होतो श्रावणात.

दुखत नाही म्हणून. हे कारण मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्याचा राग येत नाही. आपल्या भाषेतच आजाराला ‘दुखणं’ म्हणतात. माणूस आजारी पडला की दुखणेकरी होतो, आजार लपवला की दुखणं अंगावर काढतो. मग जे दुखतच नाही ते दुखणं कसलं? गुडघा दुखतो, दाढ दुखते, त्यांना मान आहे. गाठ बिचारी गप्प बसलेली असते आणि गप्प बसणाऱ्याकडे घरात कोण बघतं? गंमत अशी की पाळीच्या आधी दोन्ही बाजू ठणकतात म्हणून घाबरून आलेल्या बायकांत बहुतेकींना काही नसतं. आणि स्तनाचा कॅन्सर सुरुवातीला बहुतेकदा दुखत नाही.

तपासायचं कसं हे मला एका सरांनी शिकवलं. मेडिकल कॉलेजातली सर्जरीची पोस्टिंग. आम्ही आठ जण, समोर स्टुलावर बसलेली बाई, बाजूला खिडकी. सर म्हणायचे, “हात मागे. बांधा. जो आधी हात लावेल तो आठवडाभर ड्रेसिंग करेल.” मग आम्ही हात मागे बांधून बघत राहायचो. मिनिटभर काही दिसायचं नाही. दुसऱ्या मिनिटाला एखादा चाचरत म्हणायचा, “सर, उजवीकडचं स्तनाग्र थोडं वर आहे.” सर म्हणायचे, “हं. आणखी?”

आज ते आठवलं की दोन गोष्टी एकदम आठवतात. त्यांनी आम्हाला बघायला शिकवलं, हे त्यांचं देणं. आणि त्या आठ जणांच्या नजरेत बसलेल्या बाईला कुणी एका शब्दानं विचारलं नव्हतं. ती खिडकीबाहेर बघत होती. तिच्या मंगळसूत्राची वाटी तिनं पाठीवर टाकली होती, मध्ये येऊ नये म्हणून. आम्हाला सोपं जावं याची काळजी तिनं घेतली होती आणि आम्ही तिचं नावही विचारलं नव्हतं. हे मला कुणी शिकवलं नाही, उशिरा आपलं आपण कळलं.

तर आधी बघणं. दोन्ही बाजू एकदम उघड्या हव्यात, एकच उघडून चालत नाही, कारण तुलना कशाशी करणार? डावं-उजवं थोडं कमी-जास्त असणं हे जन्माचं असतं. विचारायचं ते हे, की हा फरक नवा आहे का. मग हात खाली सोडून, हात डोक्यावर नेऊन, हात कमरेवर दाबून धरून, शेवटी पुढे वाकून. या चार अवस्था म्हणजे काही कवायत नव्हे. स्तनात कातडीपासून आतल्या पडद्यापर्यंत बारीक दोऱ्यासारखे तंतू असतात. ॲस्टली कूपर या इंग्रज सर्जननं १८४० साली त्यांचं वर्णन छापलं, म्हणून त्यांना त्याचंच नाव आहे. आत गाठ वाढली की ती या दोऱ्यांना ओढून धरते. हात खाली असताना कातडी गुळगुळीत दिसते, पण हात वर गेला की सगळं मांस वर सरकतं आणि तेवढा एक दोरा सरकत नाही. तिथं खळी पडते. कापसाच्या गादीला पिंजारी टाका मारतो, तिथं पडते ना, अगदी तशी.

संत्र्याच्या सालीसारखी कातडी हे पुस्तकातलं लाडकं चिन्ह. आतल्या रसवाहिन्या तुंबतात, कातडीत पाणी साठतं, ती फुगते. पण केसांची मुळं जिथं रुतलेली असतात तिथं फुगू शकत नाही, म्हणून टिकल्या टिकल्या दिसतात. हे दिसलं म्हणजे वेळ बराच गेलेला असतो. लालसर, गरम, सुजलेला स्तन बाळ अंगावर पिणाऱ्या आईत बहुतेक वेळा पू धरल्याचा असतो, पण अँटिबायोटिकचा एक कोर्स होऊन आठ-दहा दिवसांतही उतार पडला नाही, तर दुसरं अँटिबायोटिक लिहिण्याऐवजी तुकडा काढून तपासायला पाठवायचा. आणि स्तनाग्र आत ओढलेलं असेल, तर ते लहानपणापासून आहे की परवापासून, एवढंच विचारायचं. पहिलं उत्तर आलं तर निर्धास्त, दुसरं आलं तर नाही.

हे सगळं मला माहीत होतं. तरी एकदा चुकले, ते लिहिते.

दवाखाना टाकून मला तीनेक वर्षं झाली होती. चाळिशीतल्या एक शिक्षिका आल्या. एका बाजूच्या बोंडाला खाज सुटते, पापुद्रे निघतात. मी बघितलं ते पदर जरासा सरकवून. बाहेर गर्दी होती, त्याही संकोचत होत्या, मीही. त्वचेचं आहे म्हणून मलम दिलं. जरा बरं वाटलं. महिन्यानं पुन्हा आल्या, पुन्हा मलम. तिसऱ्यांदा त्या आल्याच नाहीत, मोठ्या शहरात भावाकडे गेल्या आणि तिथं कुणीतरी छोटासा तुकडा काढून तपासला. पॅजेटचा आजार. स्तनाग्रावर इसबासारखा दिसणारा, पण आतल्या दूधनलिकांतला कॅन्सर. जेम्स पॅजेटनं हे १८७४ मध्ये लिहून ठेवलंय. मी परीक्षेत त्यावर टीपही लिहिली होती. साधं इसब बहुतेक दोन्हीकडे असतं आणि बोंडाभोवतीच्या काळ्या वर्तुळापासून सुरू होतं. हे एकाच बाजूला असतं आणि बोंडापासून सुरू होऊन बाहेर पसरतं. ही ओळ मला पाठ होती. बाईंचं दुसरं स्तनाग्र मी बघितलंच नव्हतं, मग एका बाजूला आहे की दोन्ही, ते कळणार कुठून?

त्या बऱ्या झाल्या. दोन वर्षांनी येऊन भेटून गेल्या, रागावल्या नाहीत, पेढे ठेवले टेबलावर. पेढे घशाखाली उतरले नाहीत हे सांगायला नकोच.

तेव्हापासून माझ्या दवाखान्यात पडद्याच्या आत एक जुनं स्टूल आहे आणि सिस्टर असल्याशिवाय मी तपासत नाही. आधी सांगते काय करणार आहे, विचारते चालेल का, नको म्हणाली तर परवा ये म्हणते. हात एकमेकांवर चोळून ऊन करते. थंड हात लागला की बाई अंग चोरते आणि चोरलेल्या अंगात बोटांना काही कळत नाही.

आक्कांना त्या दिवशी स्टुलावर बसवलं. हात खाली असताना काही नाही. “आक्का, हात वर करा, देवाला जोडल्यासारखे.” हात वर गेले आणि डाव्या स्तनाच्या बाहेरच्या वरच्या भागात टाका मारल्यासारखी खळी पडली. सिस्टरनं माझ्याकडे बघितलं. मी तोंडावर काही दिसू दिलं नाही, निदान मला तसं वाटलं. आक्कांनी नंतर सांगितलं, “तुमी गप झालात ना, तवाच कळलं मला.”

मग काखा. बाईचा हात आपल्या हातावर असा पेलून धरायचा की त्याचं वजन आपल्यावर यावं. तिनं स्वतः उचलून धरला तर स्नायू ताठ होतात आणि काखेतली वाटाण्याएवढी गाठ त्यांच्याआड दडून राहते. बोटं काखेच्या पार तळाशी न्यायची आणि बरगड्यांवरून खाली ओढत आणायची. गळ्याच्या हाडाच्या वरची खळगीसुद्धा चाचपायची. ती विसरणारे डॉक्टर मी खूप बघितलेत.

मग आडवं झोपवून, खांद्याखाली टॉवेलची घडी, तो हात डोक्याखाली. असं केलं की स्तन बरगड्यांवर पसरतो, जाडी कमी होते. मधली तीन बोटं. टोकं नव्हेत, टोकांच्या आतला मऊ भाग. जुन्या चार आण्याच्या नाण्याएवढं छोटं वर्तुळ, एकाच जागी तीनदा: एकदा कातडीखाली, एकदा मधल्या थरात, एकदा बरगडी लागेपर्यंत. मग पुढं. हे गळ्याच्या हाडापासून स्तनाच्या खालच्या घडीपर्यंत, काखेच्या मध्यरेषेपासून छातीच्या मधल्या हाडापर्यंत, उभ्या पट्ट्यांनी. आमच्या भागातल्या सिस्टरना मी सांगते, नांगरट करतो तसं. तासाला लागून तास, मध्ये पड ठेवायची नाही. त्यांना हे लगेच कळतं. पूर्वी गोल गोल फिरत तपासायची पद्धत होती, त्यात कडा सुटायच्या. आणि स्तनाची एक शेपटी काखेत शिरलेली असते, कॅन्सरच्या गाठींपैकी जवळजवळ निम्म्या त्याच बाहेरच्या वरच्या चतकोरात सापडतात. नीट केलं तर एका बाजूला तीन मिनिटं लागतात. घड्याळ लावून बघा, तीन मिनिटं किती लांब असतात ते.

बोटांना नेमकं काय कळतं? सुरुवातीला मला वाटायचं, आपण गाठ शोधतो. तसं नसतं. बोटं साधं काय असतं ते शिकतात, आणि एखाद्या ठिकाणी साधं संपलं की थांबतात. पंचविशीतल्या मुलीचा स्तन भिजवलेल्या साबुदाण्याच्या पुरचुंडीसारखा लागतो, सगळीकडे दाणेदार. पाळीच्या आधी तर जास्तच, म्हणून पाळी सुरू झाल्यावर आठवडाभरानं तपासलेलं बरं. साठीत तेच मांस मऊ पडतं. खालच्या घडीशी एक घट्ट कड लागते, ती सगळ्यांनाच असते. शंभर साध्या बायका तपासल्याशिवाय एकशेएकावी वेगळी आहे हे कळत नाही. धान्य निवडणारी म्हातारी खडा शोधत नसते, तिची बोटं दाण्यावरून जात असतात आणि खड्यावर आपोआप अडतात.

तरुण मुलींतली फायब्रोॲडिनोमाची, म्हणजे कॅन्सर नसलेली साधी गाठ गोल, गुळगुळीत आणि पळणारी. पुस्तकात तिला उंदीर म्हणतात. मला ती पाण्यात पडलेल्या द्राक्षासारखी वाटते, बोट ठेवायला जावं तर निसटते. कॅन्सरची गाठ कठीण, तिची कड नक्की कुठं संपते ते सांगता येत नाही, आणि ती हलवली तर शेजारचं मांसही तिच्याबरोबर हलतं. हात कमरेवर दाबायला सांगून छातीचा स्नायू ताठ केला आणि आधी हलणारी गाठ तेव्हा हलेनाशी झाली, तर ती खाली चिकटलीय असं समजायचं. स्तनाग्रातून काही येत असेल तर पिळून बघण्यात फारसा अर्थ नाही. आपलं आपण, एकाच बाजूनं, एकाच छिद्रातून रक्त किंवा पाण्यासारखं काही आलं आणि ब्लाउजला डाग पडला, तर ते सोडायचं नाही.

पण एवढं सगळं सांगून झाल्यावर एक कबूल करायला हवं. बोटांवर मी निकाल देत नाही. द्राक्षासारखी निसटणारी गाठही चाळिशीनंतर नवीन आली असेल, तर तिला सुई लागलीच पाहिजे. हातानं तपासणं, मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी आणि सुईनं घेतलेला नमुना, या तिन्हींचं एकमत झालं तरच गाठ साधी. सर्वात धोक्याचं वाक्य म्हणजे ‘फोटोत काही नाही आलं ना, मग झालं’. हाताला गाठ लागतेय आणि मॅमोग्राफीत दिसत नाही, असं होतं. अशा वेळी हातावर विश्वास ठेवायचा आणि पुढं जायचं. आणि हो, पुरुषांनाही हा आजार होतो, स्तनाच्या कॅन्सरच्या शंभर रुग्णांत एखादा पुरुष असतो. धोतर नेसणारे एक आजोबा माझ्याकडे ‘घामाची गाठ’ म्हणून आले होते.

आक्कांना मी सांगितलं, गाठ आहे, सुई घालून बघावं लागेल. त्यांची पहिली शंका ठरलेली: “सुई लावली की पसरतं म्हणत्यात.” मी म्हटलं, आक्का, पसरणारं असेल तर ते सुईची वाट बघत बसलेलं नसतं. हसल्या नाहीत. मुलगा बाहेर मोटरसायकलवर बसला होता. त्याला आत बोलावून आईसमोरच सांगितलं. बाईला बाहेर बसवून पुरुषाला सांगायची जुनी पद्धत मी सोडलीय.

त्या तपासणीसाठी बार्शीला गेल्या. आमच्या भागाला ही एक गोष्ट लाभलीय, त्याचं आम्हाला पुरेसं कौतुक नाही. बार्शी, परंडा आणि भूम या तालुक्यांतल्या गावोगावच्या कॅन्सरची नोंद १९८७ पासून ठेवली जाते. मुंबईच्या टाटा मेमोरियल या कॅन्सर रुग्णालयानं उभी केलेली देशातली ही पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी. नोंद करणारा माणूस गावात येतो, चावडीवर बसतो, लोकांशी बोलतो, आणि त्या बोलण्यातूनच गाठ दिसली की कुठं जायचं ते गावाला कळत जातं.

टाटाच्याच लोकांनी मुंबईत आणखी एक चिवट काम केलं. १९९८ मध्ये झोपडपट्ट्यांतल्या ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ बायका त्यांनी दोन गटांत घेतल्या. एका गटातल्या बायकांना शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, असं चार वेळा, हातानं तपासलं. डॉक्टरांनी नव्हे, मशीननं नव्हे. दोन्ही गटांवर मग वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी २० वर्षांचा हिशेब २०२१ मध्ये मांडला. तपासलेल्या गटात आजार आधीच्या टप्प्यावर सापडला. पन्नाशी ओलांडलेल्या बायकांत मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत मात्र तसा फायदा दिसला नाही, आणि सगळ्या वयांचे मिळून झालेली १५ टक्क्यांची घट संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरली नाही. मला या कामाचं अप्रूप त्यातल्या प्रामाणिकपणासाठीही वाटतं. जिथं झालं तिथं झालं म्हटलं, नाही तिथं नाही म्हटलं.

असाच एक कडू हिशेब चीनमधला. शांघायच्या कापडगिरण्यांतल्या २,६६,०६४ बायकांच्या अभ्यासात निम्म्यांना दर महिन्याला स्वतःची तपासणी करायला शिकवलं. २००२ मध्ये निकाल आला: मृत्यू कमी झाले नाहीत, साध्या गाठींच्या शस्त्रक्रिया तेवढ्या वाढल्या. तेव्हापासून मी बायकांना महिन्याचं व्रत लावून देत नाही. अंघोळीच्या वेळी आपलं अंग आपल्याला ओळखीचं असू द्या, काही नवं लागलं तर ज्वारी निघायची वाट बघू नका, एवढंच सांगते.

सरकारनं २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत ३० ते ६५ वयाच्या प्रत्येक बाईची ही तपासणी पाच वर्षांतून एकदा करायची असं ठरवलंय. तोंडाची, गर्भाशयमुखाची आणि स्तनाची. कागदावर फार चांगलं आहे. प्रत्यक्षात उपकेंद्रात एक सिस्टर, एक आशाताई, लसीकरणाचा दिवस, ऑनलाइन एंट्री, आणि बाहेर रांग. सहा मिनिटं कुणाला कुठून देणार? मग पदरावरून विचारलं जातं, ‘काही गाठ-बिठ नाही ना?’ ती म्हणते नाही, आणि रकान्यात बरोबरची खूण होते. मला सिस्टरना दोष देववत नाही. मीही एकदा पदर जरासा सरकवूनच बघितलं होतं.

म्हणून गेल्या वर्षीपासून महिन्यातून एका शनिवारी मी आसपासच्या चार-पाच सिस्टरना दवाखान्यात बोलावते. रबराचा नमुना नाही, तो महाग पडतो. ओल्या टॉवेलच्या घड्यांत राजम्याचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे दाणे वेगवेगळ्या खोलीवर ठेवून बोटांना सवय लावते. हरभरा सगळ्यांना सापडतो, पण पार खालच्या घडीतला सापडायला दाब लागतो, आणि कुणी जोर लावत नाही. मग एकमेकींना तपासतात, पडदा लावून, आधी खूप हसून.

मागच्या खेपेला त्यातली सगळ्यात लहान, नुकतीच नोकरीला लागलेली, टॉवेल पिळता पिळता म्हणाली, “मॅडम, तुमची कधी झाली तपासणी?”

मी उत्तर शोधत होते. आक्का त्या दिवशी माझ्याकडे केमोच्या चौथ्या फेरीआधी रक्त तपासायला आलेल्या, डोक्याला स्कार्फ बांधून बाकावर बसल्या होत्या. त्यांनी पडद्याआडून आवाज दिला, “अगं, झाली आसंल तर सांगत्याल की.”

मी ॲप्रन काढला. टेबलावर पाठ टेकली तेव्हा पहिल्यांदा दिसलं की वरच्या पंख्याच्या एका पात्याला किती जाळं धरलंय. इतकी वर्षं बायका याच पात्याकडे बघत असणार. पोरीचे हात थंडगार. मी म्हटलं, “चोळ आधी.” तिनं चोळले. काखेपासून सुरू केलं, ओठांतल्या ओठांत मोजत, तासाला तास लावत. खालच्या घडीशी आल्यावर बोटं थांबली.

“मॅडम, इथं काहीतरी लागतंय.”

त्या एका क्षणात माझं मला विचित्र ऐकू आलं, कानातलं रक्त वगैरे. मग मी तिचा हात धरून तिथंच ठेवला, उजव्या बाजूलाही तिथंच ठेवला. दोन्हीकडे सारखी कड. “हे सगळ्यांना असतं गं.”

“मग पहिल्यापासून करते,” ती म्हणाली. “मध्येच थांबले ना, मोजणी चुकली.” आणि परत काखेत गेली.